दाजींचा प्लास्टरचा ब्रेक

आमचे दाजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर माप पाठवतो, दाजी दात पाठवतात. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू दाजींच्या घराच्या पुढच्या खोलीत तयार होतं. खोलीत शिरलं की फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे मांडलेले. मी पडलो मेहुणा, तेव्हा येताजाता त्यांना टोप्या घालतो, समोरासमोर ठेवून भांडायला बसवतो. मी गेलो की दाजी सगळे पुन्हा सरळ करून ठेवतात.

मी पाट्या बनवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये' वगैरे. अक्षरं, गोंद, रंग, फोमच्या शीटा कायम हाताशी असतात, आणि एवढं सामान हाताशी असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. दाजींनी गाडी घेतली त्याच आठवड्यात मी तिच्या मागच्या काचेवर 'चालक शिकत आहे, अंतर ठेवा' अशी सुबक पाटी चिकटवली. दाजी महिनाभर तसेच फिरले. ताईला सांगायचे, "अगं, या गाडीला लोक काय मान देतात. जवळसुद्धा येत नाहीत कुणी."

तर ती गाडी. स्पोर्ट्स सेडान, वापरलेली, पण नखरा नवीचा. आधीच्या मालकानं हौसेनं तिला त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचे ब्रेक बसवलेले. आता ब्रेक म्हणजे काय, तर चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा एक जबडा. त्या जबड्याला कॅलिपर म्हणतात. या गाडीचे जबडे चांगले पावाएवढे, लालभडक, चाकाच्या आऱ्यांमधून डोकावणारे. दाजींनी ते पाहिले आणि गाडीचं इंजिनसुद्धा सुरू करून न बघता हो म्हणून टाकलं. बाकीचे लोक अशी गाडी पळवायला घेतात. आमचे दाजी जगातले एकटे, ज्यांनी ती थांबवायला घेतली. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवायची आणि मध्येच ब्रेक लावून म्हणायचं, "बघितलंस? जागच्या जागी."

भानगड एकच होती. मोठ्या ब्रेकला मोठं चाक लागतं, म्हणून गाडीला एकोणीस इंची चाकं. चाक एवढं मोठं झालं की टायरला जागाच उरत नाही. कडेनं नुसती रबराची पट्टी. रस्ता खालून जे काही म्हणेल ते थेट बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचतं.

आणि बसणारी होती आमची ताई. ताईच्या कमरेचा एक मणका कधीपासूनचा रुसलेला. त्यात तिची मुलगी दुसऱ्या गावी, तिला नुकतं बाळ झालेलं, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी जाणं आलंच. पहिल्या वेळी गाडीनं गेले दोघं. परत आल्यावर ताई दार धरून उतरली, जरा वेळ तशीच वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "रस्त्यात नाणं पडलेलं असतं ना, तर छापा होता की काटा ते सांगितलं असतं मी."

त्यानंतर ती बसनं जायला लागली.

दाजींची पंचाईत झाली. बायकोला एकटीला पाठववेना आणि गाडी घरी ठेववेना. मग त्यांनी काय करावं? ताईच्या बसच्या मागोमाग गाडी घेऊन निघाले. ताई बसच्या शेवटच्या बाकावर, मागच्या काचेपाशी. दाजी मागे गाडीत. ताई खुणा करायची, दिवे बंद करा, बिस्किटं खाल्लीत का, जरा लांब राहा. बस चहाला थांबली की दोघं एकाच बाकड्यावर चहा प्यायचे आणि मग ती बसमध्ये, हे गाडीत. एकदा शेजारच्या बाईनं ताईला दबक्या आवाजात विचारलं, "ताई, एक गाडी मघापासून आपल्या मागे आहे. पोलिसांना सांगू का?"

"नको," ताई म्हणाली. "नवरा आहे."

असं काही महिने चाललं. ताईनं सगळी नोकरी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर म्हणून केलेली. तिचा आवाज कधी चढत नाही, समोरच्याचा उतरतो. एका सोमवारी तिनं शांतपणे सांगितलं, "कोपऱ्यावरचा औषधवाला गाडीसाठी मागे लागलाय. रविवारी सकाळी येतोय बघायला. तोवर मला बसवेल अशी करा ती. नाहीतर त्याला देऊन टाका. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्याला काचेतून बघत प्रवास करायचा म्हणजे काय?"

दाजी तडक माझ्या दुकानात आले आणि समोर जी पाटी दिसली तिच्यावर बसले. पाटी 'ओला रंग' अशी होती आणि खरोखरच ओली होती, पण त्या दिवशी मला ते बोलवेना, इतका त्यांचा चेहरा पडलेला.

"ती बरोबर आहे," ते म्हणाले. "तेच तर वाईट आहे. ती चुकत असती तर भांडलो असतो."

आम्ही गॅरेजवाल्याकडे गेलो. हा माणूस बोलताना कधी गाडीखालून बाहेर येत नाही, त्याच्या पायांशीच बोलावं लागतं. पाय म्हणाले, "सोपं आहे. सतरा इंची चाकं घाला, वर जाडजूड टायर. लोण्यासारखी चालेल."

"मग घालू या," दाजी म्हणाले.

"सोपं आहे म्हणालो, होईल म्हणालो नाही. चाक लहान झालं की आतली पोकळी लहान होते. ब्रेक आहे तेवढाच राहतो. तो आत मावायला नको? सतरा इंची म्हटलं म्हणजे सगळी चाकं सारखी नसतात. कुणाचे आरे आत दबलेले, कुणाचे बाहेर फुगलेले. एखादं बसेल, दहा अडतील. त्यापेक्षा मूळचे छोटे ब्रेक बसवा."

"ब्रेक बदलायचे असते तर मी गाडीच कशाला घेतली असती?"

एका पायानं दुसरा पाय खाजवला. "मग शोधा चाकं. एक लक्षात ठेवा. कॅलिपर आणि चाकाच्या मध्ये तीन मिलिमीटर तरी मोकळे हवेत. ब्रेक तापतो, चाक वळणावर लवतं, कुठे बारीक खडा अडकतो. तीन म्हणजे तीन."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. पायांना ते दिसलं नसणार. पण त्या दोन माना लक्षात असू द्या.

आता कुणीही काय केलं असतं? गाडी घेऊन चाकवाल्यांकडे फिरला असता, प्रत्येक ठिकाणी जॅक लावला असता, चाक काढलं असतं, घातलं असतं. दाजींना ते पटेना. ते म्हणाले, "म्हातारा माणूस कवळीसाठी दहा दुकानं हिंडतो का? आपण त्याचं माप घेतो."

म्हणजे त्यांनी ब्रेकचं माप घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात पुढचं चाक काढलं, दाजींनी पांढरा कोट चढवला, वाटीत गुलाबी लगदा कालवला. दातांचं माप घेतात तोच. मला म्हणाले, "जा, चहा घेऊन ये." मी चहा घेऊन आलो तेव्हा लगदा कॅलिपरवर थापून झालेला आणि दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसून, घड्याळाकडे बघत, हळू आवाजात सांगत होते, "झालंच. आता दोन मिनिटं हलायचं नाही."

"दाजी, तो ब्रेक आहे."

"सवय आहे रे."

घरी जाऊन त्यांनी त्या ठशात प्लास्टर ओतलं. कॅलिपर नुसता असून भागत नाही, तो चाकाच्या मध्यापासून नेमका किती लांब आणि किती पुढे आहे हेही कळायला हवं. म्हणून त्यांनी प्लायवूडची गोल चकती कापली, तिला गाडीसारखी भोकं पाडली आणि मोजूनमापून प्लास्टरचा जबडा तिच्यावर बसवला. आता हे प्रकरण पिशवीत घालायचं, कुठल्याही चाकाच्या मागून आत सरकवायचं आणि गोल फिरवायचं. कुठे न अडता फिरलं, तर ते चाक आपलं. खरं सांगतो, काम बघून मला टोपी घालावीशी वाटली नाही.

"रंगवून देतो," मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "चावटपणा नको हं."

"दाजी, लाल रंग देतो फक्त. शोभेल."

दुकानात नेलं आणि रंगाचा डबा उघडताना माझ्या डोक्यात आलं, की दाजी पडले हुबेहूब करणारे. दाताला दात, हिरडीला हिरडी. मग यांनी कॅलिपरही हुबेहूबच केला असणार. ते तीन मिलिमीटर कुठे गेले? सांगायला गेलो तर म्हणणार, मला शिकवतोस? आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना ती मस्करी वाटणार. माझ्या हातचं काही खरं असतं यावर त्या घरात कुणाचा विश्वास नाही, आणि त्यांचं काही चुकतही नाही. म्हणून मी गुपचूप तीन मिलिमीटरची फोमची शीट कापली, कॅलिपरच्या अंगाला नीट चिकटवली, कडा घासल्या आणि वरून लाल रंगाचे हात मारले. इतकं सफाईदार काम झालं की माझा मीच खूश. आयुष्यात प्रथमच कुणाला न सांगता चांगलं काम केलं होतं. छाती भरून आली होती माझी.

दाजींनी मॉडेल हातात घेऊन फिरवून पाहिलं. "छान रंगवलंस," म्हणाले. मग जरा थांबून, "खरंच फक्त रंग दिलास?"

"फक्त रंग."

जुन्या चाकांचा एक व्यापारी आहे, त्याला सगळे फिट्टशेठ म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये वरपासून खालपर्यंत चाकं टांगलेली आणि मधोमध हा खुर्चीत. कुठल्याही गाडीचं नाव घ्या, कुठल्याही चाकाकडे बोट दाखवा, त्याचं उत्तर एकच. फिट्ट. एकदा म्हणे कुणी बैलगाडीचं विचारलं होतं, तेव्हाही तो फिट्ट म्हणाला होता.

दाजींनी पिशवीतून लाल जबडा काढला. फिट्टशेठ पुढे वाकला. "हे काय, डॉक्टर?"

"आमच्या ब्रेकचं मॉडेल आहे. सतरा इंची दाखवा."

त्यानं मागे न बघताच एक चाक ओढून काढलं. करड्या रंगाचं, पाच जाड आरे, दिसायला एकदम साधं. "हे घ्या. फिट्ट."

दाजींनी मॉडेल आत सरकवलं, फिरवलं. निम्मं गोल झालं आणि खर्र. दाजींनी खिशातून निळा कागद काढला. कवळी कुठे उंच लागतेय ते बघायला तो दातांमध्ये धरतात. फटीत घातला, ओढला, तर कागद फाटला.

"इथे चावतंय," दाजी म्हणाले.

"नाही हो, फिट्ट आहे."

"शेठ, चावतंय. हा बघा कागद."

"कागद फिट्ट नसेल. चाक फिट्ट आहे."

"तुम्ही सगळ्यालाच फिट्ट म्हणता."

"मग सगळं फिट्टच असतं त्याला मी काय करू?"

पुढचं चाक चावलं. त्याच्या पुढचं तर आत जाईचना. शेडमधलं एकेक चाक खाली उतरलं, एकेक परत टांगलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरा व्यापारी, मग तिसरा. दाजी सकाळी कवळ्या उरकायचे आणि दुपारी पिशवी खांद्याला लावून निघायचे, मी मागे. लोकांना वाटायचं आम्ही घरोघरी काहीतरी विकतोय. एका दुकानदारानं पिशवीत डोकावून विचारलं, "खरा आहे?" मी म्हणालो, "नाही, पण आत्मा शांत व्हायचाय त्याचा." दाजी हसले नाहीत. शुक्रवारी ते कशालाच हसत नव्हते. सगळी चाकं जराशानं चावत होती. एखादं पार अडलं असतं तर वाईट वाटलं नसतं, पण ही सगळी केसभरानं हुकत होती.

शनिवारी दुपारी पुन्हा फिट्टशेठकडे आलो, त्याच्याकडे एक नवीन माल आला होता म्हणून. येताना दाजी म्हणाले, "हे शेवटचं. नाही बसलं तर मी औषधवाल्याला किल्ली देतो. तुझी ताई बसमध्ये एकटी बसते ते मला आता बघवत नाही."

"एकटी कुठे? तुम्ही असता की मागे."

"मागून फक्त तिचं डोकं दिसतं रे. खड्डा आला की ते डोकं हलतं. मला ब्रेक आहेत आणि ती हलतेय."

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला लावली. असं सहसा होत नाही.

नवीन मालातलं चाक घेतलं, मॉडेल घातलं, फिरवलं. खर्र. दाजींनी चिडून जरा जोर लावला. अर्रर्र झालं आणि मॉडेल मोकळं सुटलं. बाहेर काढून बघतात तर कॅलिपरच्या कोपऱ्यावरचा लाल रंग उचकटलेला आणि खाली काहीतरी पांढरं, मऊ.

दाजींनी ते टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि सावकाश ओढलं. लांबलचक साल निघून आली.

"हे काय आहे?"

"फोम," मी म्हणालो.

"प्लास्टरवर फोम कुठून आला?"

"मी लावला."

फिट्टशेठनं हातातला चहा खाली ठेवला.

दाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मला पाटीचं काही वाटलं नव्हतं. जबड्यांना टोप्या घालतोस त्याचंही नाही. पण उद्या गाडी चाललीय माझी. तुझ्याच बहिणीची कंबर आहे ती. त्यात तरी..."

"दाजी, मस्करी नाही हो. तीन मिलिमीटर. तो गाडीखालून म्हणाला होता ना, मोकळे हवेत म्हणून? तुम्ही तर माप हुबेहूब घेतलेलं. म्हटलं, मोकळ्या जागेचं तुम्ही विसरलात, म्हणून मी तेवढा थर वरून चढवला. आईशप्पथ."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग हातातल्या सालीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचे कान हळूहळू लाल व्हायला लागले, आणि दाजींचे कान रागानं लाल होत नाहीत हे मला ठाऊक आहे.

"काय झालं?"

"मीही घातलेत," ते म्हणाले.

"काय घातलंत?"

"तीन मिलिमीटर. लगदा थापण्याआधी कॅलिपरवर मेणाचे पापुद्रे लावले होते. आम्ही लावतोच, जागा सोडायची असली की. म्हणजे मॉडेल तेवढं फुगीरच निघतं. तू चहा आणायला गेला होतास."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू हसला असतास."

खरं होतं. ब्रेकला मेण लावतायत म्हणून मी महिनाभर हसलो असतो. म्हणजे दोघांनीही माना डोलावल्या, दोघांनीही ऐकलं आणि दोघांनाही वाटलं दुसरा विसरला. एकानं आतून तीन दिले, दुसऱ्यानं बाहेरून तीन. आणि त्या गलेलठ्ठ जबड्याला घेऊन आम्ही चार दिवस शहरातल्या चाकांना नावं ठेवत हिंडत होतो.

पहिले दाजी हसले. नुसतं नाकातून. मग मी. मग दोघांनाही थांबवेना. दाजी हसता हसता खाली टायरवर बसले आणि डोळे पुसायला त्यांनी निळा कागद काढला, त्यामुळे दोन्ही गाल निळे झाले.

"म्हणजे डॉक्टर," फिट्टशेठ सावकाश म्हणाला, "मी दाखवलेलं पहिलं चाक..."

आम्ही दोघं एकदम उठलो.

पहिल्या चाकाचा संच तिथेच होता. तीन भिंतीला टांगलेली आणि चौथं खुद्द फिट्टशेठच्या पुढ्यात, वर काच ठेवून. चार दिवसांत त्यानं त्याचं चहाचं टेबल करून टाकलं होतं.

"टेबल द्यायचं नाही," तो म्हणाला. "मला उंची बरोबर आलीय."

"शेठ, दुसरं कुठलंही चाक ठेवा खाली."

"दुसरं फिट्ट नाही बसत."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून 'फिट्ट नाही' ऐकलं, तेही नको त्या वेळी. शेवटी मी म्हणालो, "शेडवर पाटी करून देतो. एकच शब्द. मोठ्या अक्षरात, लाल, रात्री दिवा लागणारी." फिट्टशेठनं डोळे मिटले. मनातल्या मनात पाटी वाचून पाहिली असणार. मग त्यानं स्वतःच काच उचलली.

उरलेला फोम तिथेच खरवडला. नुसतं प्लास्टर राहिलं, दाजींच्या मेणाच्या जाडीसह. करड्या चाकात घातलं. दाजींनी फिरवलं. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा त्यांनी उगीचच दिला. आवाज नाही. निळा कागद सरळ आत गेला, सरळ बाहेर आला, कोरा.

"पायांना फोन कर," दाजी म्हणाले.

रविवारी सकाळी गॅरेजवाला खरोखर गाडीखालून बाहेर आला, माणूस आहे हे कळलं. दाजींनी तरीही खऱ्या कॅलिपरवर मऊ लगद्याचे गोळे चिकटवले, चाक चढवलं, हातानं फिरवलं आणि पुन्हा उतरवलं. सगळ्यात चेपलेला गोळासुद्धा तीनच्या वर भरला. बाकीच्या चाकांचंही तसंच केलं. चाकांचा तोल साधायची शिशाची वजनंही त्यांनी कॅलिपरच्या वाटेत न लावता पार आतल्या कडेला लावून घेतली. गॅरेजवाला म्हणाला, "आता यांना ब्रशनं घासायलाही शिकवा," आणि परत गाडीखाली गेला.

घरी पोचलो तर औषधवाला गेटपाशी हजर. तरणाबांड, गॉगल लावून. गाडी बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. "हे काय केलंत? पहिली चाकं काय दिसत होती."

"बसून बघ," मी म्हणालो. "बघायची नाही, बसायची गाडी आहे ही आता."

ताई बाहेर आली. पुढच्या दारापाशी गेली, आपली उशी सीटच्या पाठीला लावली, बसली आणि सवयीनं दारावरची मूठ घट्ट धरली. मी आणि औषधवाला मागे. दाजींनी गाडी शाळेमागच्या रस्त्याला घातली. तो रस्ता कुणी मुद्दाम जात नाही असा. पाइप टाकायला खणलेला, अर्धवट बुजवलेला, मग विसरलेला.

मी दाजींची मान बघत होतो. खड्डा आला, गेला. खडी आली, गेली. चेंबरचं झाकण आलं. टायर तेवढ्यापुरता हुं म्हणाला आणि गप्प झाला. ताईची बोटं मुठीवरून सुटली. मग तिनं हात मांडीवर ठेवला.

दाजींना राहवेना. "कशी?"

ताई समोर बघत होती. "रस्त्यात नाणं वगैरे होतं का?"

"कुठे? मला नाही दिसलं."

"मलाही नाही कळलं," ताई म्हणाली, आणि पाठीमागची उशी काढून माझ्याकडे फेकली.

औषधवाला मागून म्हणाला, "काकू, ती मोठी चाकं परत लावून द्याल ना मग?"

"गाडी विकायची नाही रे," ताई म्हणाली. "चाकं तेवढी घेऊन जा."

आणि त्यानं खरंच नेली. त्याच्या एवढ्याशा गाडीला ती बसतील का म्हणून फिट्टशेठला विचारायला गेला. शेठ काय म्हणाला असेल ते सांगायला नको. आता त्या चाकांच्या आत त्याचे ब्रेक म्हणजे परातीत बिस्किट ठेवल्यासारखे दिसतात.

पुढच्या शनिवारी ताई आणि दाजी बाळाकडे निघाले, मीही मामा म्हणून मागच्या सीटवर, दुपटी, खेळणी आणि बिस्किटांचा डबा सांभाळत. दाजी वळण आलं की कान टवकारायचे, चाक कुठे लागतंय का ते ऐकायला. आता असा कान टवकारलेला माणूस समोर बसलाय, आणि माझ्या खिशात कंगवा, मांडीवर पत्र्याचा डबा. मी तरी काय करणार?

पहिल्या वळणाला खर्र. दाजी ताठ. दुसऱ्या वळणाला खर्र. दाजींनी गाडी कडेला घेतली, उतरले, गुडघ्यावर बसून चारही चाकांत डोकावले, निळा कागद घालून पाहिला. काही नाही. पुन्हा निघालो. तिसरं वळण.

"कार्ट्या," ताई मागे न वळता म्हणाली, "दोन्ही हात वर कर."

एका हातात कंगवा होता.

मला पुढच्या थांब्यावर उतरवलं. दाजींनी खाली उतरून माझ्यासाठी हात करून बस थांबवली, इतकी आपुलकी. बसमध्ये शेवटचा बाक रिकामा होता. बसलो, मागे वळून पाहिलं तर गाडी आमच्या मागे, बरोबर अंतर ठेवून.

मी हात हलवला. ताईनं हलवला नाही. तिचं डोकं सीटला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, गाढ झोपलेली. बस मोठ्या खड्ड्यातून गेली, मी हातभर उडालो. मग गाडी त्याच खड्ड्यातून आली. ताईचं डोकं हललं नाही.

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि एक बोट ओठांवर ठेवलं. मी बसमध्ये, दोन काचांच्या पलीकडे, तिथून मी कसला आवाज करणार होतो? तरी कंगवा खिशात ठेवून दिला.